ओळखीचं कुणी भेटेल म्हणून 15 किलोमीटर लांब

पत्र असं आहे, थोडं कमी करून देते:

"ताई, मी 31 वर्षांचा. पुण्यात सात वर्षं आयटीत होतो, आता घरून काम मिळालं म्हणून बायकोला घेऊन सोलापूरला परत आलो. घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या आतल्या गल्लीत. दोन वर्षं झाली पण करमतच नाही. पुण्यात शुक्रवारी मित्रांबरोबर बसायचो, इथं घराजवळ दोन-तीन बार आहेत पण तिथं वडिलांच्या ओळखीचं कुणीतरी असणारच, म्हणून मी आणि एक शाळेतला मित्र हायवेवर 15 किलोमीटरवरच्या ढाब्यावर जातो. बायको कराडची आहे, तिला इथले सण बघायचेत, गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, जाऊ म्हणून मागं लागली होती, मी गर्दी नको म्हणून नेलं नाही. आता गणपतीच्या वर्गणीला मंडळाची पोरं येणार, 2100 ची पावती फाडतात आणि वर दहा दिवस डीजे. ह्या गावात आमच्यासारख्यांसाठी काही आहे का, का परत पुण्यालाच जावं?"

अरे बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळेला माझं लक्ष पुण्यावर नाही, त्या 15 किलोमीटरवर जाऊन थांबलं. जाताना 15, येताना 15, आणि येताना तू प्यायलेला असतोस. बाकीचं सगळं नंतर बोलू, हे आधी. रक्तात 100 मिलीला 30 मिलीग्रॅमच्या वर दारू निघाली की गुन्हा आहे, पहिल्याच वेळेला 10,000 दंड नाहीतर 6 महिन्यांपर्यंत आत, नाहीतर दोन्ही, आणि कायदा बाजूला ठेव, आपला हायवे तुला माहीत आहे ना, दिवाळीनंतर कारखाने चालू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागं एक लाल दिवा नसताना रस्त्याच्या मधून चाललेले असतात, शुद्धीत असलेल्या माणसाला दिसत नाहीत ते. वडिलांच्या ओळखीच्या माणसानं बघू नये म्हणून तू हे करतोस. त्या माणसानं तुला बारमध्ये बघितलेलं परवडलं रे.

आणि मला वाटतं तुझं न करमण्याचं मूळ पण तिथंच आहे. तू सोलापुरात राहतोस पण कुणाला दिसायचं नाही असं राहतोस. बारमध्ये दिसायचं नाही, गड्ड्यात दिसायचं नाही, मंडळाची पोरं आली की दार अर्धं उघडायचं. पुण्यात कुणी ओळखत नव्हतं म्हणून मोकळं वाटायचं हे मला कळतं, त्या वयात ते लागतं पण. पण आपल्या गल्लीत ती मजा मिळणारच नाही, इथली मजाच वेगळी आहे, इथं माणसं तुला ओळखतात म्हणून मजा येते, आणि तू नेमकं तेच टाळतोयस.

माझं सांगते. आमचे अण्णा चादरीच्या कारखान्यात मागावर होते. आठवड्याचा पगार झाला की कन्ना चौकाच्या मागं एक परमिट रूम होती तिथं बसायचे, घरात सगळ्यांना माहीत, आईला पण माहीत. मी नऊ-दहा वर्षांची असेन, एकदा उशीर झाला म्हणून आईनं मला बोलवायला पाठवलं. मी दारात उभी, आत ट्यूबलाईटचा उजेड आणि धूर, पाऊल टाकणार तेवढ्यात गल्ल्यावरचे मालक उठून बाहेर आले, म्हणाले हितंच थांब पोरी, आत यायचं नाही. कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे दिले आणि आत जाऊन आले ते हातात अण्णांच्या पगाराचं पाकीट घेऊन, माझ्या मुठीत दाबून म्हणाले, सरळ आईकडं दे, वाटेत थांबू नको, अण्णा अर्ध्या तासात येतील, मी आता त्यांना तिसरा देत नाही. आणि अण्णा आले अर्ध्या तासात, केसांत सुताची तूस तशीच होती, हसत होते, जेवले आणि झोपले. त्या पाकिटावर शेंगदाण्याचं मीठ लागलं होतं ते आईनं पदरानं पुसलेलं मला अजून दिसतं.

सगळे मालक असे नसतात, हे मला चांगलं माहीत आहे. त्याच गल्लीत दारूनं तीन घरं धुळीला मिळालेली मी बघितली, त्यातल्या एका घरातली मुलगी माझ्या वर्गात होती, सातवीला शाळा सोडून आईबरोबर विड्या वळायला बसली. त्यामुळं बार म्हणजे काहीतरी गोड गोष्ट आहे असं मी तुला सांगणार नाही. पण तुला बसायचंच असेल तर जिथं मालकाला तुझं घर माहीत आहे तिथं बस. हायवेवरच्या ढाब्यावर तू किती पिलास याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं, तिथं तिसऱ्यानंतर चौथा येतो, पाचवा पण येतो.

तुझ्या वडिलांना लाज का वाटेल ते पण समजून घे, ते जुनाट आहेत म्हणून सोडून देऊ नकोस. आपल्या गावात दारूची गोष्ट साधी नाही. 1930 साली, 8 मे ला, सत्याग्रहाच्या दिवसांत लोक रूपाभवानीच्या मंदिराकडं शिंदीची झाडं तोडायला गेले, नशाबंदी म्हणून आणि इंग्रजांचा अबकारी महसूल बुडावा म्हणून, तिथून पुढं गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले, मग तीन दिवस गाव लोकांच्या हातात आणि त्याच्यावर मार्शल लॉ. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे, हे आपले चार हुतात्मे 12 जानेवारी 1931 ला फासावर गेले ते त्याच्यातच. ज्या गावानं शिंदीच्या झाडावर कुऱ्हाड घालून सरकारला आव्हान दिलं त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी ग्लासाकडं बघून नाक मुरडलं तर ते उगीच नाही. आणि दुसरीकडं त्याच पूर्व भागात दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी शिंदी प्यायला जायचा हे पण खरं. दोन्ही आपलंच आहे. तू वडिलांना सरळ सांगून टाक, बाबा, मी महिन्यातनं दोनदा इथं कोपऱ्यावर बसतो, एक-दीड तास, गाडी नेत नाही. एक दिवस घरात तोंड फुगलेलं राहील. पण कुणीतरी येऊन "तुमचा पोरगा दिसला" म्हणाला की ते म्हणतील माहीत आहे मला, आणि तिथं तो विषय संपतो. दोन वर्षं तू ज्याच्यासाठी 15 किलोमीटर जातोयस ते एका वाक्याचं काम आहे.

आता बार कुठला निवडायचा. चालत जाता येईल असा, ही पहिली अट आणि ती मोडायची नाही. संध्याकाळी साडेसातला एकदा नुसतं समोरून जाऊन बघ, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो का, बाहेर फूटपाथवर कोण पडलेलं आहे का, शेजारच्या बायका त्याच्यासमोरून सहज चालत जातात का रस्ता ओलांडून पलीकडनं जातात. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ज्या बारमुळं गल्लीतल्या बायकांना वाट बदलावी लागते तिथं तू पैसे द्यायचे नाहीत, आपल्या राज्यात बायकांनी मतदान करून, बाटली आडवी करून दुकानं बंद पाडलीत ती अशाच ठिकाणांमुळं. आणि शिंदी प्यायची हौस असेल तर तिच्यात क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणं जुनी आहेत, म्हणून मी तरी लांब राहा म्हणेन, हातभट्टीचं तर नावच नको. दारू पिण्याचा परवाना काढून ठेव, आपल्याकडं कायद्यानं लागतो, कायमचा 1000 रुपयांत होतो. तुझ्या वयाचा प्रश्न नाही पण धाकटा भाऊ वगैरे बरोबर येत असेल तर लक्षात ठेव, बिअरला 21 आणि बाकी दारूला 25 पूर्ण लागतात.

आणि आत्ताच जा, श्रावणातच. तू श्रावण पाळत नाहीस असं दिसतंय, पण गावातली निम्मी गिऱ्हाईकं गटारी झाली की महिनाभर येत नाहीत, टेबलं रिकामी, मालकाला आणि वेटरला बोलायला वेळ असतो. नेहमीच्या गर्दीत नवीन माणसाकडं कोण बघतंय. एकच टेबल धर, एकच वार धर. एक बिअर म्हणजे 650 मिली, दोघांत दोन पुष्कळ झाल्या. खायला मात्र नीट मागव, आपल्याकडं शेंगाचटणी ताटलीत कांद्याबरोबर येते, कडक भाकरीचा तुकडा मोडून तिच्यावर तेल सोडून खाल्लं की तुला पुण्यातल्या साडेचारशे रुपयांच्या प्लेटा आठवणार नाहीत. फोन खिशात ठेव. तिसऱ्या-चौथ्या वेळेला वेटर विचारेल, काय मालक, आज एकटेच? तिथनं पुढं तुला बोलायला माणसं मिळतात. यंत्रमागवाले असतात, कुणी रेल्वेतनं रिटायर झालेला असतो, त्यांना पाणी किती दिवसांनी आलं यापासून ते सूत किती महागलं इथपर्यंत सगळं माहीत असतं, आणि ऐकणारा मिळाला की ते खूश होतात. तू घरून काम करतोस म्हणजे दिवसभर कॉलवर बोलतोस पण समोर बसलेल्या माणसाशी बोलत नाहीस, त्याची भूक आहे तुला, बिअरची भूक त्याहून कमी आहे.

एकच पथ्य, उधारीचं खातं कधी उघडायचं नाही. मालक म्हणेल राहू द्या की, पुढच्या वेळेला द्या, तरी नाही. मी बघितलेल्या तिन्ही घरांची घसरण वहीतल्या खात्यापासून चालू झाली. आणि महिन्यातनं दोनदाचं चारदा व्हायला लागलं आणि तू ते बायकोला सांगताना आकडा कमी करायला लागलास की त्याच दिवशी बंद.

आता बायकोचं. ह्या सगळ्यात ती कुठं आहे? तू पुण्याचं सांगितलंस तेव्हा मित्रांबरोबर बसायचो असं लिहिलंस, इथं एक मित्र आहे, आणि ती पोरगी कराडहून येऊन दोन वर्षं चार भिंतीत तुझे कॉल संपायची वाट बघते. आपल्या कोपऱ्यावरच्या बारमध्ये तिला बसायला जागा नाही, फॅमिली सेक्शन लिहिलेलं असतं पण तिथं पडदा लावून कोंबलेली दोन टेबलं असतात, तिला तिथं मजा येणार नाही आणि तू आग्रह पण करू नकोस. तिनं तुझ्याकडं गड्डा मागितला होता. तू नाही म्हणालास. मला पत्रातली तीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

गड्ड्याला गर्दी असते, खरं आहे. पण तू लहानपणी पाळण्यात बसायला गेलास तोच गड्डा तुझ्या डोक्यात आहे. संक्रांतीच्या आठवड्यात आधी काय काय होतं ते तिला दाखव. पहिल्या दिवशी बाळीवेसच्या हिरेहब्बू वाड्यातनं सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात आणि गावभरच्या 68 लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होम, मग शोभेचं दारूकाम. सातही काठ्या वेगवेगळ्या समाजांच्या मानाच्या, आणि सगळे पांढऱ्या बाराबंदीत. गर्दी नको ना तुला, मग ज्या दिवशी काठ्या निघतात त्या दिवशी सकाळी लवकर तिला घेऊन मिरवणुकीच्या वाटेवर जा, उजाडायच्या सुमाराला बायका-पोरी रस्त्यावर वाकून रांगोळ्या काढत असतात, लांबच्या लांब रस्ता, थंडी असते, कुणाच्या तरी घरातनं चहाचं ताट बाहेर येतं. तुझ्या बायकोला कुणीतरी हातात रांगोळीची पुडी देईल, ये म्हणेल. मी स्वतः दहा वर्षं त्या रस्त्यावर पांढरं भरलंय, एकदा पण कुणी विचारलं नाही तू कुठली, कुणाची. नंतर काठ्या येतात तेव्हा एकच माणूस ती उंच काठी पेलून चालतो आणि बाजूचे हात पसरून तयार, तोल गेला तर धरायला, आणि "बोला बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणून सगळा रस्ता ओरडतो तेव्हा अंगावर काटा आल्याशिवाय राहत नाही. तो पेलणारा माणूस कोण असतो माहीत आहे? आधीचा महिना-दीड महिना रात्री जेवण झाल्यावर सराव करणारा तुझ्यामाझ्यासारखा नोकरीवाला.

जानेवारी लांब आहे म्हणून म्हणू नकोस, त्याच्या आधी आहे की. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तुझा सगळा पूर्व भाग रस्त्यावर असतो, तू खिडकीत उभा राहून बघितला असशील, ह्या वर्षी खाली उतर. सर्वपित्रीला बतकम्मा, तेलुगू बायकांचा फुलांचा सण, चालू होतो, शेजारच्या तेलुगू बायकांकडं तुझ्या बायकोला आधीच पाठव, तरवडाची पिवळी फुलं आणि कुर्डूचे तुरे ताटात थरावर थर लावून रचायचे असतात, त्याला हात लागतात, नवीन हात आला की त्यांना बरंच वाटतं, भाषा येत नसली तरी टाळ्या आणि फेर दहा मिनिटांत येतो. आणि कोजागिरीला तुळजापूर. साधारण 45 किलोमीटर, रात्रभर चालत, लाखानं माणसं असतात, वाटेत ठिकठिकाणी लोक चहा, केळी, खिचडी वाटत उभे असतात, पाय चोळून देणारे पण असतात. नवरा-बायकोनं मिळून करायची इतकी चांगली गोष्ट दुसरी मला माहीत नाही. चालायचं जमत नसेल तर तुळजापूर रोडला चहा वाटायला उभे राहा दोघं.

राहिली वर्गणी आणि डीजे. तुझा राग बरोबर आहे. आवाजाचा कायदा स्पष्ट आहे, रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 वाजेपर्यंत सूट, आणि राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा. गल्लीत म्हातारी माणसं आहेत, तान्ही लेकरं आहेत, भिंती थरथरतात, हे कुणी सण म्हणून खपवू नये. पण तू दाराआड उभा राहून चिडतोस, त्यानं आवाज एक डेसिबल पण कमी होत नाही. ज्या मंडळात तू कधी पाऊल टाकलं नाहीस तिथं तुझ्या तक्रारीला काय किंमत असणार. सोलापूरची गणपतीची खरी ओळख लेझीम आहे, डीजे नाही, शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती 1885 पासून बसतो, तेव्हा कुठला डीजे होता. तुझ्या मंडळातल्या निम्म्या पोरांना मनातनं लेझीम पाहिजे असते, पण सराव घ्यायला आणि हिशोब लिहायला कुणी नसतं, आणि डीजे एका फोनवर येतो म्हणून डीजे येतो.

म्हणून पोरं आली की दार पूर्ण उघड. 2100 ला नाही म्हण, तो तुझा हक्क आहे, कुणाच्या दबावाखाली पावती फाडायची नाही. 501 दे आणि म्हण, मागच्या वर्षीचा हिशोब बघू दे, आणि यंदाचा हिशोब मी ठेवतो, एक्सेलमध्ये, रोजचा रोज ग्रुपवर टाकतो. तुला तेवढंच येतं ना, मग तेवढंच दे. ज्याच्या हातात हिशोब असतो त्याला मंडळात बोलता येतं, आणि डीजेचं बिल आणि लेझीमच्या जोड्यांचं बिल शेजारी शेजारी लिहिलं की पोरांना आपोआप दिसतं. पहिल्या वर्षी डीजे बंद होईल असं मी म्हणत नाही, एक दिवस कमी झाला तरी पुष्कळ. आणि अनंत चतुर्दशीला ड्राय डे असतो, तरी आदल्या दिवशी आणून ठेवणारे असतात, त्यांच्यात तू बसायचं नाहीस. बार बारच्या जागी, मिरवणूक मिरवणुकीच्या जागी. पिऊन नाचणारी चार पोरं पुढं आली की बायका मागं सरकतात, मग घरात जातात, आणि मग तो सण फक्त त्या चार पोरांचा उरतो. असं होताना मी माझ्या गल्लीत बघितलंय आणि परत बायकांना बाहेर आणायला आम्हाला सहा वर्षं लागली, आधी पाच जणी लेझीम घेऊन उतरलो, लोक हसले, पुढच्या वर्षी अकरा झालो.

पुण्याला परत जायचं असेल तर जा, नोकरीसाठी, शिक्षणासाठी, त्यात काही वाईट नाही. पण इथं काही नाही म्हणून जाऊ नकोस, कारण तू अजून इथं बघितलेलंच नाहीस. निदान एक वर्ष दे, ह्या नारळी पौर्णिमेपासून पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत.

ह्या शनिवारी ढाब्यावर जायचं ठरलं असेल तर मित्राला फोन करून सांग, गाडी काढू नको, माझ्या घरी ये, आपण चालत जाऊ. जाताना वडील ओट्यावर बसलेले असतील, त्यांना सांगून जा. आणि येताना बायकोला विचार, रथ बघायला कुठं उभं राहायचं, चौकात का गच्चीवर, तिला जे पाहिजे ते.